दहा बाय बाराचा नाद

मोबाइल भांड्यात ठेवून गाणं ऐकण्याची पद्धत आमच्या घरात बरीच वर्षं चालू होती आणि त्या शास्त्रात मी बऱ्यापैकी पुढे गेलो होतो. भीमसेन जोशींना हिंडालियमची कढई मानवते, कुमार गंधर्वांना स्टीलचं पातेलं, आणि किशोरीताईंसाठी फिल्टर कॉफीचा पितळी डबराच लागतो, हे मी अधिकाराने सांगत असे. कुकरमध्ये कोणीही चांगलं वाजत नाही. एका पावसाळी संध्याकाळी बायकोला कढई हवी होती आणि कढईत मारवा विलंबितात होता.

"अजून किती वेळ आहे?"

"द्रुत यायचंय."

"म्हणजे भजी द्रुतनंतर?"

त्याच संध्याकाळी घरात रीतसर अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी आणायचं ठरलं. बायकोने लगेच होकार दिला, कारण तिच्या हिशेबाने तो अर्ध्या तासाचा विषय होता. दुकानात जायचं, बरा दिसेल तो घ्यायचा, येताना भाजी आणायची.

आमचं घर चेन्नईत, अण्णा नगरला. १९६८ साली इथे जागतिक व्यापार मेळा भरला होता. त्या वेळचा १३५ फुटी टॉवर अजून बागेत उभा आहे. आसपासचे रुंद अव्हेन्यू आणि त्यांवरची झाडं पाहून पाहुण्याला वाटतं, इथली घरंही ऐसपैस असणार. पण रुंदी सगळी रस्त्यांतच संपली. आमच्या वाट्याला दहा बाय बाराचा हॉल आला. त्या हॉलला आवाजाची कमतरता मात्र कधीच नव्हती. पहाटे देवळाचा नादस्वरम, मग कीरैवाल्याची, म्हणजे पालेभाजीवाल्याची, रेकॉर्ड केलेली हाक, मग वरच्या मजल्यावरचा इडलीचा ग्राइंडर (हा दगडी असतो आणि तो फिरताना आमचा पंखाही किंचित हलतो), आणि दिवसभर समोरच्या इमारतीत चालू असलेलं ड्रिलिंग. तिथे नेमकं काय बांधताहेत ते कुणालाच माहीत नाही, पण भोकं पाडून झाल्यावर ठरवणार असावेत. एवढं सगळं फुकट ऐकू येत असताना मी पैसे देऊन आणखी आवाज आणणार होतो.

पुण्यात माझा एक मित्र आहे. त्याला गाण्यातलं फारसं कळत नाही, पण आवाजातलं सगळं कळतं. त्याला फोन केला.

"बजेट नंतर सांग," तो म्हणाला. "आधी खोली सांग."

मी दहा बाय बारा म्हटल्यावर त्याने एक उसासा सोडला. मग फरशी, पडदे, छताची उंची, भिंतीवर काय टांगलंय, सोफा कापडी की रेक्झिनचा, अशी माहिती घेतली. घराच्या कर्जासाठी बँकेनेही एवढं विचारलं नव्हतं.

"आता खोलीच्या मध्यभागी उभा राहा आणि जोरात टाळी वाजव."

फरशी गुळगुळीत आणि भिंती उघड्या असल्या की टाळीचा आवाज खणखणत मागे येतो, आणि जे टाळीचं होतं तेच पुढे तबल्याचं होतं. शास्त्र बरोबर आहे. वेळ तेवढी रात्री अकराची होती. मी मध्यभागी टाळी वाजवली, कोपऱ्यात वाजवली, सोफ्यावर उभं राहून वाजवली. मित्र पुण्याहून "अजून डावीकडे" सांगत होता. दार वाजलं. खाली राहणारे मामा जिन्यात उभे होते.

"कोसु अदिगमा, सार?" त्यांनी काळजीने विचारलं. डास फार झालेत का?

मी हो म्हणालो. सकाळी मामींनी मच्छर मारायची बॅट वर पाठवली.

मित्राचं पुढचं व्याख्यान जोडी जुळवण्यावर होतं. स्पीकर आणि अ‍ॅम्प वेगवेगळे कितीही गुणी असले तरी आधी पत्रिका जुळली पाहिजे. चार ओहमचा स्पीकर म्हणजे कडक मंगळ. दुबळ्या अ‍ॅम्पच्या गळ्यात बांधला की अ‍ॅम्प तापून संपतो. मग घराणी. १९७८ साली आलेला एनएडी ३०२० कागदावर फक्त वीस वॅटचा, पण त्याचं नाव घेताना मित्राचा आवाज खाली येतो. स्पीकरमध्ये एलएस३/५ए. हा बीबीसीने सत्तरच्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या व्हॅनमध्ये बसून ऐकण्यासाठी तयार करवून घेतला. व्हॅन म्हटल्यावर मला आमचा हॉल आठवला आणि मी म्हणालो, हाच घेऊ. मग किंमत कळली. ती लाखांत होती. शिवाय हा स्पीकर एका वॅटवर आवाज कमी देतो, म्हणून त्याला अ‍ॅम्प दणकट लागतो. दणकट अ‍ॅम्प घेतला की त्याला साधी वायर शोभत नाही. चांगली वायर घेतली की घरातली वीज अशुद्ध आहे हे लक्षात येतं. मित्राने स्वतःसाठी विजेचं शुद्धीकरण करणारा डबा घेतला आहे. त्यानंतर त्याला गाणी ऐकायला वेळ मिळालेला नाही, कारण तो डब्यातला फरक ऐकतो.

पहिलं दुकान वातानुकूलित होतं. दार उघडल्यावर बाहेरचं ट्रॅफिक एकदम बंद झालं, आणि मला आतला कुठलाच स्पीकर न घेता फक्त ते दार घ्यावंसं वाटलं. विक्रेत्याने मला सोफ्यावर बसवलं, दिवे मंद केले आणि ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' लावलं. ते नेहमीचं नव्हे, १९९४ सालचं, मैफलीतलं. हाय-फाय विकणाऱ्यांच्या जातीत हेच गणेशस्तवन असतं. सुरुवातीची गिटार संपते, पोटात 'ढम्म' होतं आणि विक्रेता आपल्या चेहऱ्याकडे बघतो. तिथे भुवया उचलायच्या असतात. मी उचलल्या.

"हंड्रेड वॉट्स, सार. ईच साइड."

वॅट ऐकलं की आमची पिढी विरघळते. नव्वदच्या दशकात आम्ही टू-इन-वन घ्यायचो तेव्हा खोक्यावर हजारो वॅट 'पीएमपीओ' असं लिहिलेलं असायचं. एवढे वॅट खरे असते तर लहान गावाचे दिवे लागले असते; पण त्याच यंत्राच्या पाठीवरच्या पत्र्यावर बारीक अक्षरांत विजेचा खराखुरा खर्च दिलेला असायचा, आणि तो खोलीतल्या बल्बच्या आसपास असायचा. पाठ कोणी वाचत नसे. या वेळी मी वाचून गेलो होतो. वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो तीन डेसिबलच. कानाला तो दुप्पट वाटायला वॅट दसपट लागतात. साधारण बुकशेल्फ स्पीकर एका वॅटवर, एका मीटरवर ८५ ते ८८ डेसिबल देतो. आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. म्हणजे कायदा मोडायला एक वॅट पुरत होता आणि हा माणूस मला प्रत्येक बाजूला शंभर देत होता.

हे मी त्याला समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं.

"हेडरूम, सार," तो म्हणाला.

आमच्याकडे रूमच कमी होती, त्यामुळे हेडरूम मला पटली.

"तुमचं गाणं लावू का?" त्याने विचारलं. ही संधी मी सोडणार नव्हतो. पाश्चात्त्य ढम्म कुणावरही चांगलं वाजेल. स्पीकरचा खरा कस तंबोऱ्याच्या जवारीत लागतो. ती घोंगावली पाहिजे, पण भुणभुणली नाही पाहिजे. मी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी लावायला सांगितली. तीसच्या दशकातली ७८ फेऱ्यांची तबकडी. तबकडीची एक बाजू म्हणजे तीनेक मिनिटं, सगळं एकाच मायक्रोफोनपुढे गायलेलं. लाखभराच्या स्पीकरमधून आधी सुईची खरखर आली. अप्रतिम खरखर. इतकी स्वच्छ, इतकी बारकाव्यांसह खरखर मी आयुष्यात ऐकली नव्हती. कढईत ती कधीच कळली नसती. तिच्यामागे, बऱ्याच लांब, खाँसाहेब होते.

विक्रेत्याने धावत जाऊन वायरी तपासल्या. "स्पीकर फॉल्ट नाही, सार. रेकॉर्ड फॉल्ट."

"फॉल्ट नाही. जुनं आहे," मी म्हणालो, आणि मला राहवलं नाही. "हे गृहस्थ इथूनच जवळ वारले. सिंगपेरुमाळ कोइल स्टेशनवर. १९३७ साली, मद्रासहून पाँडिचेरीला जाताना."

त्याचा चेहरा पडला. आवाज हळूच कमी करून त्याने विचारलं, "तुमचे कोण, सार?"

"आमचे मिरजेचे," मी म्हणालो.

त्याने मला कॉफी मागवली आणि नंतर किमतीचा विषयच काढला नाही. अशा प्रसंगी तो काढू नये असं त्याला वाटलं असावं. मी खाँसाहेबांच्या पुण्याईवर कॉफी पिऊन बाहेर पडलो. मेट्रोत बसल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. माझ्या आवडीचं निम्मं गाणं मोनो आहे. डाव्या-उजव्या कानांत काडीचाही फरक नसलेला आवाज ऐकण्यासाठी मी दोन स्पीकर, त्यांमधलं अंतर आणि त्यांचे कोन यांवर झोप घालवत होतो. मित्राला सांगितलं, तर तो म्हणाला, "पण मोनोसुद्धा स्टीरिओवर जास्त मोनो वाटतो."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

मुंबईला लॅमिंग्टन रोड, पुण्याला तपकीर गल्ली, तसा चेन्नईला रिची स्ट्रीट. माउंट रोडच्या पोटातली ही गल्ली. तिथे रेझिस्टरपासून लॅपटॉपपर्यंत सगळं सुटं मिळतं आणि पाय ठेवायला मात्र जागा मिळत नाही. तिथल्या दुकानदाराने माझा हॉल, पडदे, टाळी यांतलं काहीच विचारलं नाही. "टीव्हीला की फंक्शनला?" एवढंच विचारलं. गाण्याला, असं सांगितल्यावर त्याने एक अ‍ॅल्युमिनियमचा डबा काढला, उघड्या वायरी बोटांनी पिळून जोडल्या आणि इळैयराजा लावला. रिची स्ट्रीटवर 'हॉटेल कॅलिफोर्निया'ला कुत्रं विचारत नाही. डब्यातून जो बास आला त्याने शेजारच्या दुकानातल्या चार्जरांची माळ हलली. "आवाज फाटतोय का?" मी विचारलं. "तुमच्याकडे एवढा लावणार का?" त्याने विचारलं. नाही म्हटलं. "मग फाटणार नाही." इतकं तर्कशुद्ध उत्तर मला सबंध शोधात कुणी दिलं नाही.

मधल्या काळात एक जुनी जोडीही पाहून आलो. शेनॉय नगरातल्या निवृत्त गृहस्थांची, जपानी, लाकूड असं की हात फिरवावा. मी फिरवला. शंकूच्या कडेची फोमची झालर भुग्यासारखी माझ्या बोटांवर आली. चेन्नईच्या दमट हवेत फोम काही वर्षांत असा विरतो. गृहस्थ म्हणाले, "हात लावला नाही तर छान वाजतात." त्यांनी तीस वर्षं हात लावला नव्हता. वाजवलेही नसावेत.

शेवटी मी जे घेतलं ते अगदी मध्यम होतं: मध्यम अ‍ॅम्प, मध्यम स्पीकर, आणि मित्राच्या धाकाने लोखंडी स्टँड. कारण बुकशेल्फ स्पीकर बुकशेल्फवर ठेवायचे नसतात. एकेकाळी चांगल्या बाससाठी कपाटाएवढं खोकं लागत असे. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी बंद खोक्यातल्या हवेचीच स्प्रिंग करून स्पीकर लहान केला, तेव्हा कुठे तो फळीवर मावायला लागला. एवढ्या खटपटीने फळीवर गेलेला स्पीकर आता शहाणी माणसं खाली उतरवतात, दोन फुटी स्टँडवर ठेवतात आणि भिंतीपासून हातभर पुढे ओढतात, कारण हल्ली बऱ्याच स्पीकरांच्या पाठीला भोक असतं आणि त्यातून बास बाहेर पडतो. मग दोन स्पीकर आणि आपलं डोकं यांचा समभुज त्रिकोण करायचा. मी टेप घेऊन तो आखला. तिसरा बिंदू स्वयंपाकघराच्या दारात आला. अगदी उंबऱ्यावर. एक वीत इकडे नाही, एक वीत तिकडे नाही. मी खुर्ची मांडून बसलो. बायको आमटीचं पातेलं घेऊन मागे उभी होती.

"ओलांडून जाऊ, की अंतऱ्याची वाट पाहू?"

वायरवर बाण छापलेले होते. आवाजाने कुठल्या दिशेने जायचं ते त्यावरून कळतं, असं मित्राचं म्हणणं. "आणि उलटी लावली तर गाणं रिची स्ट्रीटला परत जातं का?" हाही प्रश्न बायकोचाच. मित्रापर्यंत मी तो पोचवला नाही.

नवे स्पीकर लगेच ऐकायचे नसतात. ते आधी मुरावे लागतात. शंभर तास, मित्राने सांगितलं, आणि त्यासाठी एक खास आवाज पाठवला. पिंक नॉइज म्हणतात त्याला. सगळ्या पट्ट्यांचा एकत्र, अखंड 'श्श्श'. तो लावून आम्ही दोघं बाहेर गेलो. आता चेन्नईत घरातून पाणी वाहिल्याचा आवाज येणं ही काय चीज आहे ते ध्यानात घ्या. २०१९ च्या उन्हाळ्यात इथले तलाव कोरडे पडले होते. लोक टँकरपुढे रात्र-रात्र घागरी लावून बसले होते. वॉचमनने आमच्या दाराला कान लावला, पळत जाऊन मोटर बंद केली आणि गच्चीतल्या टाकीचा व्हॉल्व्हही फिरवला. मग सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. आम्ही परतलो तेव्हा अख्खी इमारत बादल्या घेऊन जिन्यात होती आणि कुणाच्याच नळाला पाणी नव्हतं. फक्त आमच्या हॉलमध्ये बंद दाराआड धो-धो कोसळत होतं.

"स्पीकर मुरतोय," मी सांगितलं.

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर आमचे स्पीकर जेवढे मुरले होते तेवढेच राहिले.

संगीताच्या दृष्टीने सांगायचं तर आवाज छान आहे. फक्त तो आमच्या घरात नाही. बासला भिंतीचा आणि स्लॅबचा फारसा अडथळा होत नाही, आणि मित्राच्या आग्रहाने मी स्टँडला खाली टोकदार खिळे लावले होते, ते फरशीत घट्ट रुतून बसले. त्यामुळे वरचे सूर आम्हाला मिळतात आणि खालचे मामांना. ऐंशीच्या घरातले मामा मार्गळी महिन्यातल्या कचेऱ्या, म्हणजे मैफली, वर्षानुवर्षं ऐकत आलेले, कानाला यंत्र लावतात, पण तालात चूक सोडत नाहीत. एका सकाळी जिन्यात भेटले.

"काल मृदंगम फार सुंदर होता."

"मामा, तबला होता तो."

"आमच्याकडे मृदंगमच येतो," मामा म्हणाले. "पण गायक कोणी नसतो का?"

मी त्यांना गाणं ऐकायला वर बोलावलं. ते उंबऱ्यावरच्या खुर्चीत बसले, डोळे मिटून मांडीवर ताल धरला, आणि पाच मिनिटांनी म्हणाले, "खाली जास्त चांगलं वाजतं." खरं असावं. मीच एकदा जाऊन ऐकायला हवं.

मग आयुधपूजा आली. आपल्याकडची खंडेनवमी. इथे फ्रिज, मिक्सर, स्कूटर, सगळ्या यंत्रांना चंदन-कुंकू लागतं. कामाच्या अम्मांनी अ‍ॅम्पला ठसठशीत टिळा लावला आणि मग स्पीकरचं कपाळ शोधलं. त्यांना ते वरचे सूर काढणाऱ्या ट्वीटरच्या ठिकाणी सापडलं. त्याच संध्याकाळी मित्राने व्हिडिओ कॉल केला. ट्वीटरच्या नाजूक घुमटाला मित्र स्वतः श्वाससुद्धा लागू देत नाही. त्याने ते चंदन पाहिलं आणि बराच वेळ पुण्याहून काहीच आवाज आला नाही. "काढू का?" मी विचारलं. "नको," तो म्हणाला, "काढताना घुमट जाईल." तेव्हापासून उजवा स्पीकर किंचित सौम्य आहे. किशोरीताईंना तो जास्त मानवतो, असं माझं मत झालं आहे.

दिवाळीत पाहुणे आले, सतरंज्या घालायला जागा हवी झाली, आणि बायकोने दोन्ही स्पीकर उचलून पुस्तकांच्या फळीवर ठेवले. एक शब्दकोशाशेजारी, दुसऱ्यावर गणपती. भिंतीला चिकटून, डोक्यापेक्षा उंच, त्रिकोण मोडून. सगळे नियम धाब्यावर. आमटीला रस्ता मिळाला, मामांचा मृदंगम बंद झाला (त्यांनी दोनदा विचारलं, काही आजारी वगैरे आहात का), आणि त्या कोपऱ्यातून खाँसाहेब पहिल्यांदाच खरखरीच्या पुढे आले. हे मी पुण्याला कळवलेलं नाही. आवाजाचा काटा आठ वाजण्याच्या खुणेपलीकडे अजून गेलेला नाही, आणि बाकीचे सगळे वॅट जसेच्या तसे, न वापरलेले, आत आहेत.

तर, कुणाला हवी असल्यास लोखंडी स्टँडची एक जोडी विकायची आहे. उंची दोन फूट, खिळ्यांसह, वजनाला भारी. सध्या एकावर तुळस आणि दुसऱ्यावर मनी प्लांट आहे, ती मिळणार नाहीत. घेणाऱ्याने अण्णा नगर टॉवर मेट्रो स्टेशनपासून स्वतः न्यावेत, आणि पुण्यात कुणाजवळ बोलू नये.